सर्व्हर पुण्यात, प्रिंटर सांगलीत: रिमोट डेस्कटॉपवरून छपाईचा काही महिन्यांचा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळद-गुळाचं आडत दुकान आहे. दिवाळीनंतर हिशोबाचं सॉफ्टवेअर पुण्यातल्या भाड्याच्या सर्व्हरवर नेलं. आता दुकानातल्या पीसीवरून रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे त्या सर्व्हरचा स्क्रीन इथे उघडून, काम करतो. डेटा, बॅकअप, स्पीड, कशाचीच तक्रार नाही. घोडं अडलं ते छपाईपाशी. सौदा झाला की शेतकरी काउंटरसमोर उभा असतो, त्याच्या हातात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, द्यावीच लागते.

लेझर प्रिंटरचं काम एका टिकवर भागलं. कनेक्ट करताना ‘शो ऑप्शन्स’, मग ‘लोकल रिसोर्सेस’, तिथे ‘प्रिंटर्स’. सर्व्हरवर ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायची गरज नाही. विंडोज सर्व्हर 2008 पासून आलेलं ‘ईझी प्रिंट’ पान एक्सपीएसमध्ये (पीडीएफसारख्या फाइलच्या रूपात) आपल्या पीसीकडे धाडतं आणि इथलाच ड्रायव्हर ते छापतो. जीएसटीची बिलं पहिल्या दिवसापासून बिनबोभाट निघतायत.

डॉट मॅट्रिक्सने, म्हणजे रिबनवर पिना आपटून छापणाऱ्या प्रिंटरने, मात्र रडवलं. पट्टी तीन प्रतींत लागते, म्हणून तो काढून टाकता येत नाही. ईझी प्रिंटमधून आलेला मजकूर चित्रासारखा छापला जातो, प्रिंटरचा स्वतःचा ड्राफ्ट फॉन्ट वापरलाच जात नाही. पूर्वी कर्र कर्र करत झटक्यात निघणारी पट्टी रांगत निघायला लागली. हमाली-तोलाईचे आकडे तिसऱ्या प्रतीवर अंदाजानेच वाचायचे. वर 10 बाय 6 इंचांचा कागद ए4 समजला जाऊन प्रत्येक पट्टीमागे कोरा कागद पुढे सरकायचा. तीन प्रतींचा कागद काय भावाने येतो, ते घेणाऱ्यालाच ठाऊक!

सर्व्हरवाल्याचं उत्तर ठरलेलं: ‘साहेब, प्रिंटर बदला.’ शेवटी पुतण्याने मागे लागून तीन गोष्टी करवून घेतल्या. आमच्या पीसीवर आहे तोच, अगदी त्याच नावाचा ड्रायव्हर सर्व्हरवर टाकला. सर्व्हरच्या ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या अ‍ॅडमिन सेटिंगमध्ये) ईझी प्रिंटला पहिली पसंती देणारी सेटिंग ‘डिसेबल’ केली. आणि कागदाचं माप दोन्हीकडे नवा ‘फॉर्म’ (कागदाचा आकार) म्हणून नोंदवून ठेवलं. तेव्हापासून पट्टी जुन्या वेगाने निघते.

एक कटकट उरलीच. सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरवर लॉगिन असताना, प्रिंटरच्या नावापुढे ‘रीडायरेक्टेड’ आणि सेशनचा नंबर लागतो. साइन आउट करून परत आलं की नंबर बदलू शकतो, मग सॉफ्टवेअरमध्ये नाव घालून ठेवलेला प्रिंटर सापडत नाही. त्यामुळे आम्ही तिथे ‘डीफॉल्ट प्रिंटर’च ठेवतो आणि पीसीवर डॉट मॅट्रिक्स डीफॉल्ट करतो. लेझरवर काढायचं असेल तर तेवढ्यापुरतं हाताने निवडायचं.

आणखी एक, सगळ्यांना अ‍ॅडमिन लॉगिन घेऊ नका. अ‍ॅडमिनला इतरांचेही प्रिंटर यादीत दिसतात. घाईत तासगावच्या शाखेच्या प्रिंटरवर क्लिक झालं की आपली पट्टी तिकडे निघते आणि शेतकरी इथे ताटकळतो.

नवीन सर्व्हर घेणाऱ्यांनी डेमोच्या दिवशीच आपला डॉट मॅट्रिक्स जोडून, आपल्याच कागदावर तीन प्रती काढून बघाव्यात. पीडीएफ दाखवून ‘प्रिंट येतं’ म्हणणाऱ्याला ॲडव्हान्स देऊ नये.