सोलापूरच्या लॉनवर दोन बुरशीनाशकं: मार्च ते सप्टेंबर वापरानंतरचा अनुभव

औषधं: ॲझॉक्सिस्ट्रोबिन २३ टक्के एससी आणि प्रोपिकोनॅझोल २५ टक्के ईसी (एससी आणि ईसी हे पाण्यात मिसळायच्या द्रवरूप औषधांचे प्रकार). लॉन बर्म्युडाचं (हरळीच्या जातीचं गवत), साधारण २०० चौरस मीटर, अर्धं उन्हात तर अर्धं कडुनिंबाखाली.

पारा ४२-४३ वर गेला की लॉनवर पडणारे पिवळे चट्टे बहुतेक वेळा बुरशीचे नसतातच. हवा इतकी कोरडी असते की पातं ओलं राहत नाही, आणि ओल टिकल्याशिवाय बुरशी धरत नाही. चट्ट्यात लांब स्क्रू ड्रायव्हर खुपसून पाहा. हिरव्या भागात तो सहज उतरतो आणि चट्ट्यात दोन इंचांवर अडतो, तर खालची माती ठणठणीत कोरडी आहे. तिथे भोकं पाडून सावकाश पाणी जिरवा. औषधाचा तिथे काडीचा उपयोग नाही.

मात्र नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही अवेळी, आणि आलं की रात्रीच पाइप लॉनवर सोडला जातो. उकाड्याची रात्र आणि सकाळपर्यंत भिजलेली पाती मिळाली की भर मे महिन्यातही ब्राउन पॅच (पाती करपवणारा बुरशीचा रोग) येतो, तोही आधी झाडाखाली. पाणी टाकीत साठवून पहाटे द्या. निम्मा रोग तिथेच थांबतो.

ब्राउन पॅचवर ॲझॉक्सिस्ट्रोबिनचा परिणाम उत्तम. लिटरला १ मिली, १६ लिटरचा एक पंप २०० चौरस मीटरला, फ्लॅट फॅन नोजलने (पंख्यासारखा सपाट फवारा देणाऱ्या), सकाळी दव सुकल्यावर. फवारल्यावर त्या दिवशी पाणी नको, २४ तास कटिंग नको, आणि पाती सुकेपर्यंत मुलं-कुत्री लॉनवर नकोत. करपलेली पाती पुन्हा हिरवी होत नाहीत. चट्टा वाढायचा थांबला आणि आठ-दहा दिवसांत मधून नवे कोंब दिसले, म्हणजे औषध लागू पडलं.

डॉलर स्पॉट या बुरशीच्या दुसऱ्या रोगावर मात्र हेच औषध जवळजवळ निकामी आहे, आणि सर्वांत जास्त फसगत इथेच होते. पाऊस सुरू झाल्यावर रुपयाच्या नाण्याएवढे फिकट ठिपके पडतात. सकाळी दव असताना त्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसतात, ऊन चढलं की ते गायब. पातं नखावर धरून पाहा: मध्ये वाळल्या गवताच्या रंगाचा पट्टा आणि त्याच्या दोन्ही टोकांना तांबूस रेघ. इथे प्रोपिकोनॅझोल लागतं, लिटरला १ मिली, गरज पडल्यास १४ ते २१ दिवसांनी पुन्हा. पण ते कडक उन्हात बर्म्युडावर मारू नका. या गटाची औषधं गवताची वाढही रोखतात. मेमध्ये ते मारलं, की कोंब बुटके राहतात, रंग काळपट पडतो आणि चट्टे भरून यायला जास्त दिवस लागतात.

डॉलर स्पॉट हा उपाशी गवताचा रोग. १०० चौरस मीटरला ५०० ग्रॅम युरिया देऊन लगेच पाणी दिलं, तर पुढची फवारणी अनेकदा टळते. ब्राउन पॅचमध्ये नेमकं उलट, जास्त युरियाने तो भडकतो. म्हणून रोग ओळखल्याशिवाय खताच्या पोत्याला हात लावू नका.

ॲझॉक्सिस्ट्रोबिन सलग दोनदाच, तिसऱ्या वेळी वेगळ्या गटाचं, मॅन्कोझेब ७५ टक्के, लिटरला २ ग्रॅम. नाहीतर बुरशीला औषधाची सवय होते. मॅन्कोझेबची भुकटी थेट पंपात टाकली तर नोजल तुंबतं. आधी बादलीत कालवा, फडक्यातून गाळा आणि मग पंपात ओता.