नॅनो जेल: पिंपलवर तीन महिने लावून बघितलं, माझा अनुभव

मी भुसावळची. दोन वर्षं गालावर आणि हनुवटीवर पिंपल होते, आणि त्याआधी मेडिकलवरून कोणीतरी सांगितलेली गोरेपणाची क्रीम लावून मी चेहऱ्याची पार वाट लावून घेतली होती, त्यात स्टेरॉइड होतं हे मला खूप नंतर कळलं. लावलं की चार दिवस चेहरा गुळगुळीत, बंद केलं की दुप्पट पुरळ आणि लाली. अमळनेरची आजी बघताक्षणी म्हणाली, "का वं पोरी, तोंडले काय व्हयनं?" त्या दिवशी मी खूप रडले.

मग जळगावच्या स्किन डॉक्टर मॅडमनी आधी साधं ॲडापलीन ०.१ टक्का जेल दिलं, म्हणजे बुजलेली छिद्रं मोकळी करणारं औषध. औषध चांगलं आहे पण मला झेपलं नाही, मे महिन्यात ४५ डिग्रीत स्कूटीवर स्कार्फ बांधून कॉलेजला जायचं आणि आतमध्ये घाम, नाकाच्या बाजूची साल निघायची, पाणी लावलं तरी झोंबायचं. तेव्हा मॅडमनी नॅनो जेल लिहून दिलं, त्यात तेच ॲडापलीन, सोबत क्लिंडामायसिन १ टक्का, हे अँटिबायोटिक. आणि सकाळी बेंझॉइल परॉक्साइडचा फेसवॉश, कारण नुसत्या अँटिबायोटिकला पिंपलचे जंतू सरावतात.

साध्या जेलपेक्षा यात फरक काय तर औषध बारीक कणांत भरलेलं असतं. केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो आणि हे कण काही शे नॅनोमीटरचे, त्यामुळे ते केसाच्या मुळाशी, जिथे तेल साचून छिद्र बुजतं, तिथे जाऊन बसतात आणि औषध हळूहळू सोडतात. सगळं एकदम कातडीवर पडत नाही म्हणून आग कमी. मला तरी हे खरंच जाणवलं, पहिल्या आठवड्यात थोडा कोरडेपणा आला, साल नाही निघाली.

पण पटकन गुण येईल असं समजू नका. रात्री तोंड धुवून पूर्ण कोरडं झाल्यावर मुगाच्या दोन-तीन दाण्यांएवढं घ्यायचं आणि सगळ्या चेहऱ्यावर पातळ लावायचं, फक्त पिंपलवर टिपके नाही. सकाळी सनस्क्रीन पाहिजेच. मला आठव्या आठवड्यानंतर फरक दिसला, बाराव्या आठवड्यात हनुवटी साफ. जुने खड्डे आहेत तसेच आहेत, ते जेलने जात नाहीत. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर हे अजिबात लावू नका.

साध्या जेलच्या जवळपास दुप्पट पैसे पडले, १५ ग्रॅमची ट्यूब महिनाभर जाते. माझी खरी तक्रार आतल्या कागदाची आहे, बारीक अक्षरात नुसतं इंग्लिश. सुरुवातीचे तीन-चार आठवडे पिंपल वाढल्यासारखे वाटतात हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहायला काय हरकत आहे? माझ्या मावसबहिणीने त्याच भीतीने दुसऱ्या आठवड्यात ट्यूब फेकायला काढली होती. मी तिला परत डॉक्टरकडे घेऊन गेले, आता तिचा सहावा आठवडा चालू आहे.