गाडीच्या डिकीतला कुत्र्याचा पिंजरा: वेल्डिंगचा की नट-बोल्टचा?

तयार मिळणारे पिंजरे चौकोनी असतात आणि डिकी तशी नसते. डिकीचा दरवाजा वर आत झुकलेला, खाली दोन्ही बाजूंना चाकांच्या कमानी. म्हणून तयार पिंजरा एकतर लहान घ्यावा लागतो, नाहीतर दरवाजा बंद होत नाही. मापाचा बनवायचं ठरलं की दोन मार्ग उरतात. एक, लोखंडी चौकोनी पाइप कापून त्यावर जाळी वेल्ड करणं. दुसरा, खाचेचं ॲल्युमिनियम प्रोफाइल, म्हणजे अंगावर लांब खाचा असलेली तयार पट्टी, आणून ते नट-बोल्टवर उभं करणं. दोन्ही पिंजरे उत्तम होऊ शकतात. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच.

प्लायवूडचा तिसरा मार्ग थोडक्यात निकालात काढतो. 12 मिमी प्लायची पेटी सगळ्यांत शांत असते, हे मान्य करायलाच हवं. पण मुताचा थेंब कापलेल्या कडेत शिरला की थर फुगतात आणि वास कायमचा बसतो. शिवाय कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून, आणि त्याला आरपार खेळती हवा लागते. पेटीला पुरेशी भोकं पाडत गेलं की पेटी उरतच नाही.

मापं: इथे दोघं सारखेच

डिकी आतून मोजून कागदावर आणली की बहुतेकजण थेट पाइप कापायला घेतात. पहिली चूक इथेच होते. डिकीचं तोंड जवळजवळ नेहमीच आतल्या रुंदीपेक्षा अरुंद असतं. आतून 95 सेंमी रुंदी मिळाली तरी दरवाज्याच्या चौकटीतून 88 सेंमीचीच वस्तू आत जाते. आतल्या मापाचा अखंड पिंजरा बनवला तर तो बाहेरच राहतो. म्हणून लोखंडाचा पिंजरा घेतला तरी तो एकसंध वेल्ड करू नये. पुढची, मागची, दोन बाजूंच्या आणि छप्पर अशा पाच सपाट चौकटी वेगळ्या बनवाव्यात आणि गाडीत नेऊन बोल्टने जोडाव्यात.

दरवाज्याच्या उताराचा साचा जाड पुठ्ठ्याचा करा. पुठ्ठा कापून उभा धरा, दरवाजा हळूहळू खाली आणा, लागेल तिथे छाटा. काचेच्या वायपरची मोटर आतल्या बाजूने फुगवटा करते. तो फुगवटा उघड्या दरवाज्यात लक्षात येत नाही आणि बंद होताना पिंजऱ्यावर आदळतो. पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला ओल्या कणकेचे किंवा मळलेल्या मातीचे चार गोळे चिकटवून दरवाजा पूर्ण बंद करा. उघडल्यावर गोळ्यांची जाडी मोजा. ती 20 मिमीच्या खाली गेली असेल तर उतार वाढवा. बाजूच्या प्लॅस्टिकपासूनही 15 ते 20 मिमी जागा सोडा, नाहीतर गाडी वळताना कुरकुर चालू होते.

आतलं माप कुत्र्यावरून ठरतं. उभा राहिल्यावर डोक्यावर चार-पाच सेंमी, आणि वळून आडवं पडता येईल एवढी लांबी. त्याहून ऐसपैस पिंजरा म्हणजे ब्रेक लागल्यावर कुत्र्याला आपटायला जास्त जागा.

वजनाचा गैरसमज

ॲल्युमिनियम म्हणजे हलकं, ही समजूत इथे फारशी टिकत नाही. 20×20 मिमी, 1.5 मिमी जाडीचा लोखंडी पाइप मीटरला साधारण 0.85 किलो भरतो. 30×30 चं खाचेचं प्रोफाइलही जवळपास तेवढंच भरतं, कारण त्यात धातू बराच असतो. 90×70×65 सेंमीच्या पिंजऱ्याला प्रोफाइल 14 मीटर लागतं. पाच स्वतंत्र चौकटी आणि दरवाजा धरून लोखंडी पाइप 17 मीटर लागतो. फरक अडीच-तीन किलोंचा. जाळी दोन्हीकडे तीच: 25×25 मिमी घर आणि 3 मिमी तार घेतली तर चौरस मीटरला सुमारे 4.4 किलो, म्हणजे एकूण 12 किलोंच्या आसपास.

20×20 चं प्रोफाइल घेतलं तर सांगाड्याचं वजन निम्म्यावर येतं. पण ते त्याच मापाच्या लोखंडी पाइपच्या निम्म्याइतकंही ताठ नसतं. पामेरियनसाठी चालेल. लॅब्रेडॉर अंग टेकून बसला की दरवाज्याची चौकट वाकते आणि कडी अडकते.

30×30 चं प्रोफाइल मात्र ताठपणात लोखंडाला हार जात नाही. कमजोर असतो तो सांधा. काटकोनी कोपऱ्यांना तयार ब्रॅकेट मिळतात, पण डिकीचा उतार काटकोनात नसतो. तिथे फिरता सांधा वापरावा लागतो आणि तो महिन्या-दोन महिन्यांत ढिला पडतो. त्यापेक्षा 3 मिमी पत्र्याच्या त्रिकोणी पट्ट्या कापून दोन्ही बाजूंनी कसलेल्या बऱ्या. लोखंडात पाइप हव्या त्या कोनात कापला, वेल्ड मारला, की प्रश्न संपला.

खडखड

खरं तर निवड इथेच होते, निदान माझी इथे झाली. रंग, वजन, गंज या गोष्टी निभावून नेता येतात. पण खडबडीत रस्त्यावर डिकीतून सतत येणारी बारीक टिकटिक निभत नाही. आणि ती फक्त चालवणाऱ्याला छळते असंही नाही. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला 40 हजारांच्या पुढचाही. धातूवर धातू आपटला की त्यात उंच पट्टीचा भाग भरपूर असतो, आणि कुत्र्याचे कान त्या सांध्यापासून वीतभर अंतरावर असतात. प्रवासात लाळ गाळणारा, धापा टाकणारा कुत्रा दरवेळी गाडी लागल्यामुळेच तसं करतो असं नाही.

ॲल्युमिनियमच्या पिंजऱ्यात आवाजाची ठिकाणं मोजायला बसलं तर संपत नाहीत. आठ कोपरे, प्रत्येकात तीन ब्रॅकेट, प्रत्येक ब्रॅकेटला दोन बोल्ट, म्हणजे इथेच 48. मधले उभे आणि दरवाजा धरला की साठीच्या घरात जातात. बोल्ट ज्यात बसतो तो खाचेतला नट दोन प्रकारचा असतो. एक प्रोफाइलच्या टोकातून सरकवायचा, दुसरा समोरून घालून फिरवायचा. फिरवायचा नट सोयीचा वाटतो, पण पूर्ण 90 अंश फिरला नाही तर काठावर अर्धवट टेकून राहतो. ॲलन की ला घट्ट लागतो आणि दोन-चार खड्ड्यांत सुटतो. सरकवायचा नट भरवशाचा, मात्र सांगाडा बंद करण्याआधी सगळे नट आत मोजून घालावे लागतात. एक विसरला तर अर्धा पिंजरा उलगडा. त्याहून चांगला उपाय म्हणजे प्रोफाइलच्या टोकाच्या मधल्या भोकात एम 8 चे, म्हणजे 8 मिमी बोल्टचे, आटे पाडून थेट बोल्ट मारणं. त्यासाठी काप मात्र अगदी काटकोनात हवा. गुण्या लावून उजेड दिसला, तर तो सांधा कधी ना कधी बोलणारच.

दुसरं ठिकाण जाळीची कड. खाच 8 मिमी रुंद, तार 3 मिमीची, म्हणजे 5 मिमी जागा मोकळी. तिथे रबराची पट्टी भरतात. ती उन्हात कडक होते, कोपऱ्यातून सरकते आणि जाळी आतल्या आत वाजू लागते. आवाज कुठून येतो हे गाडी उभी करून कळत नाही. रिकामा पिंजरा एका तऱ्हेने वाजतो आणि कुत्र्याच्या वजनाने दुसऱ्याच. दुसऱ्याला हळू गाडी चालवायला सांगून आपण मागच्या सीटवरून एकेक सांधा हाताने दाबत जायचं. ज्याला हात लावल्यावर आवाज थांबेल, तो गुन्हेगार. बोल्टला मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) लावलं तर बराच काळ शांतता मिळते, हेही खरं.

लोखंडी पिंजऱ्यात जाळी आणि चौकट हा एकच तुकडा असतो. पाच चौकटींना जोडणारे बोल्ट 16, तळाच्या फळीचे 4, एकूण 20. प्रत्येक बोल्ट एम 8, नायलॉनच्या लॉकनटसह, आणि दोन चौकटींमध्ये 3 मिमी रबराची पट्टी. बोल्ट थेट पाइपमधून आरपार घालू नका. पाइपची भिंत दबते आणि बोल्ट कधीच नीट कसला जात नाही. 5 मिमी पट्टीचे कान वेल्ड करा, दोन्ही चौकटी शिकंजात एकत्र धरून एकाच वेळी 8.5 मिमीचं भोक पाडा, म्हणजे भोकं जुळतात.

मग वाजायला उरतो फक्त दरवाजा. साधी सरकती कडी सैल असते आणि वाजणारच. दाबून बसणारा टॉगल क्लॅम्प वर एक, खाली एक असे दोन लावा, आणि दरवाजा टेकतो तिथे मऊ रबर चिकटवा. आवाज मापकाने मोजलेला नाही, पण नुसत्या कानाला दोन्हींतला फरक स्पष्ट कळतो.

वेल्डिंगमध्ये काय बिघडतं

1.5 मिमी पाइपला जाड रॉड लावला तर भोक पडतं. मिग (वायर सतत पुरवणारं वेल्डिंग मशीन) असेल तर 0.8 मिमी वायर, नसेल तर 2 मिमीचा रॉड आणि कमी करंट. आधी चारही कोपऱ्यांना नुसते टाके मारा, दोन्ही कर्ण मोजा. 2 मिमीहून जास्त फरक असेल तर हातोडीने ठोकून जुळवा आणि मगच पूर्ण वेल्ड करा, तोही समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने घेत. एका बाजूने ओळीने वेल्ड करत गेलं की चौकट पापडासारखी वळते. जाळी चौकटीच्या आतल्या अंगाला लावा, म्हणजे कुत्र्याचा धक्का वेल्डवर न येता पाइपवर जातो. एक सोडून एक तार जोडली तरी पुरते, दरवाज्याला मात्र प्रत्येक तार. तारांची टोकं पाइपच्या मध्यावर संपवून ग्राइंडरने गुळगुळीत करा. 50 मिमी घराची जाळी स्वस्त आणि हलकी असली तरी पंजा आणि लहान कुत्र्याचा जबडा त्यात अडकतो.

जस्ताचा मुलामा असलेली जाळी वेल्ड करायचा मोह टाळा. पांढरा धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. काळी जाळी आणावी, रंग नंतर द्यावा.

रंगाच्या बाबतीत लोखंडाची बाजू लंगडी आहे, हे कबूल. पावडर कोटिंगची, म्हणजे भट्टीत भाजून पक्क्या होणाऱ्या रंगाची, भुकटी विद्युतभाराने चिकटते आणि जाळी-पाइपच्या आतल्या कोपऱ्यात नीट पोहोचत नाही. गंज नेमका तिथून सुरू होतो. त्या कोपऱ्यांना आधी हाताने प्रायमर द्यायचा तर तो भट्टीच्या उष्णतेत टिकणाराच हवा, एवढं कारागिराला विचारून घ्या. बंद पाइपला खालच्या बाजूने 4-5 मिमीची भोकं ठेवा, नाहीतर भट्टीत आतली हवा फुगून रंगावर फोड येतात. ॲल्युमिनियमला यातलं काही लागत नाही. पाण्याने धुतलं की झालं, फक्त लोखंडी बोल्टभोवती ओलाव्याने पांढरी भुकटी जमते, म्हणून बोल्ट स्टेनलेसचे घाला, आणि थ्रेडलॉकर लावलेलं नसेल तिथे ग्रीस लावून.

पिल्लू अजून वाढतंय, वर्षभरात गाडी बदलायची आहे, किंवा वेल्डिंग येत नाही आणि भरवशाचा कारागीरही हाताशी नाही, असं असेल तर प्रोफाइल घ्या. त्यातली पट्टी पुन्हा कापता येते, मधली भिंत सरकवता येते. फक्त दर महिन्याला पाना घेऊन फेरी मारायची तयारी ठेवा. कुत्रा पूर्ण वाढलेला आणि गाडी पाच-सात वर्षं राहणार असेल, तर मला लोखंडच बरं वाटतं.

बांधणी

ताशी 50 किमी वेगाने जाणारी गाडी धडकेत पाऊण मीटरमध्ये थांबली, तर 20 किलोचा कुत्रा साधारण 260 किलोंच्या जोराने पुढे जातो, आणि पिंजऱ्याचं वजन त्यात वेगळं. त्यामुळे पिंजरा मागच्या सीटच्या पाठीला फोमची पट्टी घालून घट्ट टेकलेला हवा. मध्ये चार बोटं जागा राहिली तर तेवढ्यात तो वेग घेतो. डिकीच्या तळाच्या चारही धातूच्या कड्यांना रॅचेट पट्ट्यांनी खाली ओढून बांधा. प्लॅस्टिकच्या आवरणावरचे हूक पिशवी टांगायला असतात. एवढं करूनही घरचा पिंजरा धडकेची चाचणी झालेला नसतो, हे लक्षात असू द्या.

पुढच्या चौकटीत, सीटच्या बाजूला, कुत्रा बाहेर येईल एवढं दुसरं दार ठेवाच. मागून धडक बसली तर डिकीचा दरवाजा जाम होतो आणि सीटची पाठ पाडून तिथूनच कुत्र्याला काढावं लागतं. त्या दाराची कडी आतून, म्हणजे सीटकडून, उघडणारी हवी.

आणि स्टेपनी. ती डिकीच्या तळाखाली असेल तर पंक्चर झाल्यावर आधी कुत्रा, मग पिंजरा, मग चाक. छप्पर आणि मागच्या चौकटीच्या बोल्टना हाताने फिरणारे पंखनट लावले तर पान्याशिवाय दहा मिनिटांत काम होतं. पण पंखनट सैल पडतात, म्हणून त्यांच्याखाली स्प्रिंग वॉशर घाला आणि निघण्याआधी एकदा चिमटीत पिळून बघा.