बास्पाकाठच्या तंबूतील तीन रात्री

पवना धरणाच्या काठी दोन-तीनदा तंबूत राहिलेल्या माणसाला एक सवय जडते. तंबू अगदी पाण्याला लागून मिळावा, असा त्याचा आग्रह असतो. हिमाचल प्रदेशातील किन्नौर जिल्ह्यात, सांगला खोऱ्यात बटसेरी आणि रकछम या गावांच्या दरम्यान असलेल्या कॅम्पमध्ये आम्ही चौघे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीन रात्री राहिलो, तेव्हा नोंदणी करताना मीही हाच हट्ट धरला होता. व्यवस्थापकांनी तो नम्रपणे पण ठामपणे नाकारला, आणि आज या कॅम्पबद्दल चार चांगले शब्द लिहावेसे वाटतात, त्याचे मुख्य कारण तो नकारच आहे.

धरणाचे पाणी निवांत असते, सांगला खोऱ्यातून वाहणाऱ्या बास्पा नदीचे तसे नाही. वरच्या अंगाचा बर्फ दिवसभर उन्हाने वितळत राहतो आणि ते पाणी खाली पोहोचेपर्यंत दुपार उलटून जाते. त्यामुळे सकाळी उतरलेली नदी संध्याकाळी चढलेली दिसते. पहिल्या दिवशी सकाळी धाकट्या मुलीने ज्या चपट्या दगडावर बसून पाय बुडवले होते, तो सायंकाळी पाचच्या सुमारास दिसेनासा झाला होता. शिवाय रात्री दोन्ही बाजूंच्या उतारांवरून थंड, जड हवा घरंगळत येऊन तळाशी साचते, म्हणून अगदी काठावर गारठा आणि दव दोन्ही जास्त असतात. येथे तंबू काठापासून दोनेकशे पावले दूर, उंचवट्यावरच्या सपाट जागेत आहेत आणि खालचे गवताळ कुरण केवळ बसण्या-फिरण्यासाठी मोकळे सोडले आहे.

नदीपासून दूर म्हणजे कड्याच्या पायथ्याशी, असेही करून चालत नाही. 25 जुलै 2021 रोजी बटसेरीजवळच डोंगरावरून सुटलेल्या दगडांखाली पर्यटकांची गाडी सापडून नऊ जणांचा जीव गेला आणि बास्पावरचा पूलही तुटला. ही जागा नदी आणि कडा या दोहोंपासून अंतर राखून निवडलेली आहे, हे मी स्वतः चालून पाहिले.

तंबूबाबत मात्र तक्रार आहे. दुहेरी कापड, लाकडी पलंग, जाड रजया, रात्री गरम पाण्याची पिशवी, इथवर सगळे उत्तम. परंतु थंडी आत येऊ नये म्हणून कोणीतरी छताजवळचा झरोका चक्क सुईदोऱ्याने शिवून टाकला होता. पहाटे जाग आली ती कपाळावर पडलेल्या थेंबाने. रात्रभराच्या श्वासांची वाफ आतल्या कापडावर थेंब होऊन मण्यांसारखी ओळीने लटकत होती आणि रजईची कड ओली झाली होती. दुसऱ्या दिवशी सांगताच त्यांनी टाके उसवून दिले. रात्र थोडी अधिक गार गेली, पण कोरडी गेली.

स्वयंपाकघराने आमच्यासाठी मुद्दाम केलेल्या पोह्यांविषयी न बोललेले बरे. स्थानिक राजमा मात्र तिन्ही दिवस मागून खावा असा होता, आणि ओगल्याच्या पिठाचे चिलटे, म्हणजे तिथली धिरडी, तर केवळ त्यासाठी पुन्हा जावे इतके चांगले. ओगला म्हणजे उत्तरेत उपवासाला चालणारा कुट्टू. रकछमच्या आसपास त्याची गुलाबी फुलांची शेते उभी होती, त्यामुळे ताटातला पदार्थ कुठून आला हे विचारावे लागले नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. भांडी घासण्याच्या जागेपासून निघालेली चारी कुरणातून थेट नदीकडे गेली आहे, आणि तिच्या कडेला साबणाचा फेस व भाताची शिते दिसली. शौचालयांसाठी शोषखड्डा आहे, मग सांडपाण्यासाठी का नाही, या प्रश्नावर ‘पुढच्या हंगामात करू’ एवढेच उत्तर मिळाले. नदीच्या नावावर व्यवसाय करणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा चुकीची नाही.

दर माणशी प्रतिदिन 2,800 रुपये, त्यात न्याहारी आणि दोन वेळचे जेवण. वीज जनरेटरवर, सायंकाळी सात ते दहा. लांबच्या तंबूंत त्याचा आवाज बास्पाच्या घोंघावण्यात बुडून जातो. कॅम्पच्या जीपने खोऱ्याच्या वरच्या टोकाच्या चितकुल गावाला जाता येते, पण आगाऊ ठरवलेल्या भाड्यावर ‘थांबण्याचे’ पैसे वेगळे लावण्यात आले, तेव्हा आधीच सगळे स्पष्ट करून घ्यावे.

शिमल्याहून निघून पुढे सतलजच्या काठाने कर्छमपर्यंत आणि तेथून बास्पाच्या खोऱ्यात वळून येणारा हा दोनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता एका दिवसात उरकण्याचा मोह टाळावा. रकछमची उंची 3,000 मीटरच्या आसपास, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट आहे. वाटेत सराहनला एक मुक्काम केल्याने आमच्यापैकी कोणाचेही डोके दुखले नाही. नोंदणी करताना पूर्वेकडील रांगेतला तंबू मागावा, कारण जनरेटर दुसऱ्या टोकाला आहे, आणि झरोका उसवलेला आहे ना, हे सामान ठेवण्यापूर्वी पाहावे.