मेनफ्रेमवर उबुंटू २४.०४ एलटीएस : काही महिने वापरल्यानंतर

आयबीएमच्या मेनफ्रेमवर (बँका वगैरे वापरतात ते मोठं यंत्र) लिनक्सचं व्हर्जन निवडायला बसलात तर आधी यंत्राची पिढी विचारून घ्या. फीचर्सची यादी नंतर. उबुंटू हे एक लिनक्स; त्याचं १८.०४ झेडईसी१२ या पिढीवर चालायचं, २०.०४ ते २४.०४ ला किमान त्यापुढचं झेड१३ लागतं. रेड हॅट या दुसऱ्या लिनक्सच्या ८ लाही झेड१३ पुरतं, ९ ला मात्र झेड१४. म्हणजे जुनं यंत्र असेल तर निम्मा निर्णय त्यानेच घेतलेला असतो. आमच्या ग्राहकाकडे झेड१४ आहे, त्यामुळे सगळ्या वाटा मोकळ्या होत्या. वाद म्हणूनच झाला.

आम्ही म्हणजे जळगावात बसून काम करणारी चार डोकी. यंत्र पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये, आमच्याकडे व्हीपीएन, एसएसएच आणि ऐन मे महिन्यात दुपारी जाणारी लाइट. (लाइन तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या टीमक्सशिवाय इथे कुणी काही सुरू करत नाही.) झेडओएसचं, म्हणजे मेनफ्रेमच्या मूळ ऑपरेटिंग सिस्टिमचं, सगळं दुसरे लोक बघतात. आमच्या वाट्याला आयएफएल (फक्त लिनक्ससाठीचे) प्रोसेसर दिलेला एक एलपार, म्हणजे यंत्राचा वेगळा काढलेला भाग. त्यावर होस्ट म्हणून एक लिनक्स, त्यात व्हर्च्युअल मशीन चालवणारं केव्हीएम, आणि केव्हीएमच्या गेस्टमध्ये, म्हणजे त्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, कंटेनर.

दर सहा महिन्यांनी येणारं मधलं व्हर्जन घ्यावं असा टीममधल्या तरुण मंडळींचा आग्रह होता. मी विरोधात. त्याला सपोर्ट नऊ महिन्यांचा, आणि मेनफ्रेमवाल्यांकडून बदलाची मंजुरी, मग यंत्र हात लावू देतील अशी रविवारची रात्र, हे सगळं जुळेपर्यंत त्यातले बरेच सरलेले असतात. एलटीएसला, म्हणजे दीर्घ सपोर्टच्या व्हर्जनला, पाच वर्षं मिळतात: २२.०४ ला २०२७ पर्यंत, २४.०४ ला २०२९ पर्यंत. होस्ट म्हणून बघितलं तर दोघांत मला फार फरक वाटला नाही. कर्नल ५.१५ आणि ६.८, दोन्हींवर केव्हीएम निमूट चालतं. फरक पडला कंटेनरमुळे. कंटेनर चालवणारं पॉडमन २२.०४ च्या भांडारात ३.४ आहे, २४.०४ मध्ये ४.९, आणि क्वाडलेट ही सोय पॉडमन ४.४ पासून आली. कंटेनरची एक छोटी फाइल लिहून ठेवायची, पुढचं सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) बघतं. मशीन रीबूट झालं तरी कंटेनर आपोआप उठतात. एवढ्या एका गोष्टीसाठी आम्ही २४.०४ घेतलं. तेही २०२४ च्या ऑगस्टअखेर २४.०४.१ आल्यावरच.

इन्स्टॉलेशन पहिल्यांदा करणाऱ्याला चक्रावून टाकतं. स्क्रीन नाहीच. एचएमसीवर (मेनफ्रेमच्या कंट्रोल कन्सोलवर) ‘ऑपरेटिंग सिस्टिम मेसेजेस’ उघडून बघत बसायचं. ओळी सरकत सरकत शेवटी इन्स्टॉलर स्वतःच तयार केलेला पासवर्ड दाखवतो. तो टिपून घ्यायचा, ‘इन्स्टॉलर’ या नावाने एसएसएच करायचं, मग कुठे नेहमीचे ओळखीचे पडदे येतात. डिस्क आणि नेटवर्क कार्ड आपोआप दिसत नाहीत, नंबर देऊन चालू करावे लागतात. ओएसए या नेटवर्क कार्डाला तर लागोपाठ तीन नंबर: वाचायला एक, लिहायला एक, डेटाला एक. ०६०० पासूनचे तीन दिले की इंटरफेस उठतो ‘ईएनसी६००’ या नावाने. अमळनेरचा आमचा एक सहकारी आयुष्यभर ‘ईटीएच०’ हे नाव बघत आलेला. त्याचा पहिला प्रश्न: “हाई काय शे भाऊ?” आता तोच बाकीच्यांना शिकवतो.

डीएएसडी या मेनफ्रेमच्या डिस्कवर नेहमीच्या मांडणीत तीनच पार्टिशन बसतात, म्हणून सुरुवातीलाच एलव्हीएम (हवे तसे भाग पाडू देणारी व्यवस्था) करा. नेटवर्कमध्ये एक खोच आहे. ओएसएवर साधा लिनक्स ब्रिज (गेस्टना बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारा पूल) लावून भागत नाही, ब्रिजपोर्टची भूमिका वेगळी ठरवावी लागते. आम्ही त्याऐवजी मॅकव्हीटॅप (गेस्टला थेट कार्डाशी जोडणारी पद्धत) लावलं, काम झालं. पण त्यात होस्ट आणि त्याचाच गेस्ट थेट बोलू शकत नाहीत, त्यामुळे बॅकअपसाठी वेगळं अंतर्गत नेटवर्क करावं लागलं.

खरी परीक्षा इमेजची, म्हणजे कंटेनर ज्यातून सुरू होतो त्या तयार पॅकेजची. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ दिसला की समजायचं, दुसऱ्या प्रोसेसरची इमेज उतरली. पोस्टग्रेस, एनजिनएक्स, रेडिस, पायथन, अल्पाइन यांच्या अधिकृत इमेज एस३९०एक्ससाठी, म्हणजे मेनफ्रेमच्या प्रोसेसरसाठी, मिळतात. मारियाडीबीची मिळते, मायएसक्यूएलची मिळत नाही. त्यामुळे कंटेनरची यादी ठेवणाऱ्या कंपोजच्या फाइलींमधली प्रत्येक इमेज आधी तपासा, मग तारखा द्या. पायथनमध्ये बऱ्याच लायब्रऱ्यांची आधीच कंपाइल केलेली व्हील फाइल नसते. पिप (पायथनचा इन्स्टॉलर) मग गुपचूप कंपाइल करायला बसतं आणि बिल्ड लांबतो. आम्ही स्वतःची बेस इमेज एकदाच बनवून ठेवली, सगळे तिच्यावरच बांधतात.

आणखी एक: हा प्रोसेसर बिग एंडियन आहे, म्हणजे आकड्यांचे बाइट्स नेहमीच्या एक्स८६ प्रोसेसरच्या उलट क्रमाने ठेवतो. एक्स८६ वरची पोस्टग्रेसची डेटा डिरेक्टरी उचलून इकडे ठेवली तर चालणार नाही. डंप काढूनच आणावी लागते. मोठा डेटाबेस असेल तर त्या रात्रीचा हिशेब आधीच मांडा.

कंटेनरसाठी एलएक्सडीही थोडे दिवस वापरलं, आवडलंही. हलकं आहे, पूर्ण मशीनसारखं वागतं. पण ते उबुंटूच्या स्नॅप या पॅकेज पद्धतीतून येतं, आणि स्नॅप सांगितलं नाही तर दिवसातून चारदा नवं काही आलंय का ते बघून स्वतःच अपडेट करतो. जिथे एक पॅकेज बदलायला सही लागते तिथे हे चालणार कसं? होल्ड लावता येतो, लावलाही. तरी प्रॉडक्शनला पॉडमनच ठेवलं, एलएक्सडी टेस्टिंगला.

दोन गेस्ट अजून २२.०४ वरच आहेत. त्यांतलं ॲप्लिकेशन जुन्या पायथनवर चालतं आणि सपोर्ट २०२७ पर्यंत आहे. होस्ट आणि गेस्टचं व्हर्जन एकच असावं असा काही नियम नाही, केव्हीएमला त्याचं सोयरसुतक नसतं.

विद्यापीठाकडची मुलं विचारतात, मेनफ्रेम नसताना हे शिकायचं कसं? आयबीएमच्या लिनक्सवन कम्युनिटी क्लाउडवर १२० दिवसांसाठी फुकट मशीन मिळतं, उबुंटूसकट. तेही नको असेल तर लॅपटॉपवर क्यूईएमयू (दुसऱ्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाका आणि उबुंटूची एस३९०एक्स क्लाउड इमेज बूट करा. सगळा प्रोसेसरच सॉफ्टवेअरमध्ये नकलायचा असल्याने कूर्मगतीने चालतं, पंखा मात्र जोरात. जळगावच्या उन्हाळ्यात हे सकाळी सातच्या आत उरका.