सीलबंद डब्यातील दुसरेच छर्रे

गेल्या वर्षी मे महिन्यात मी माझ्या मुलीसाठी दहा मीटर एअर रायफलच्या सामन्यात वापरायच्या छर्ऱ्यांचे वीस डबे एका विक्रेत्याकडून २१,००० रुपयांना विकत घेतले. डबे एका नामांकित परदेशी कंपनीचे होते. आतील छर्रे मात्र त्या दर्जाचे नव्हते. हे आमच्या लक्षात यायला साडेतीन महिने लागले आणि त्यातील अडीच महिने आम्ही सर्वांनी दोष शोधला तो मुलीमध्ये. पैसे गेल्याचे दुःख आहेच, पण हे लिहायला बसलो आहे तो या दुसऱ्या कारणासाठी.

आम्ही कोल्हापूरचे. इथल्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये जागतिक विजेतेपद मिळवले तेव्हापासून नेमबाजी आमच्या गावाला परकी राहिली नव्हती, आणि २०२४ साली राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकल्यावर तर आमच्या नेमबाजी प्रशिक्षण केंद्रावर नवीन मुलांची रांग लागली. या मुलांचे आईवडील बहुतेक माझ्यासारखे नोकरदार किंवा शेतकरी आहेत. रायफल, जॅकेट, पँट, बूट यांचा खर्च एकदाच होतो आणि तो कर्ज काढून का होईना उरकता येतो. छर्ऱ्यांचा खर्च मात्र थांबत नाही. माझी मुलगी दिवसाला शंभर-सव्वाशे छर्रे झाडते, आठवड्यातून सहा दिवस. पाचशे छर्ऱ्यांचा डबा पाच दिवसांत संपतो. सामन्याच्या दर्जाचा डबा आम्हाला तेव्हा सुमारे १,६०० रुपयांना पडत असे, म्हणजे महिन्याला साडेनऊ हजार रुपये. मी खासगी शाळेत शिक्षक आहे. एवढ्यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

अशा वेळी दुसऱ्या जिल्ह्यातील एका पालकाकडून या विक्रेत्याचा क्रमांक मिळाला. तोच डबा तो १,०५० रुपयांना देत होता. "साहेब, मी थेट आयात करणाऱ्याकडून घेतो, मधले कमिशन नाही, म्हणून परवडते," असे त्याने सांगितले. मी अगदीच डोळे मिटून व्यवहार केला नाही. आधी दोन डबे मागवले. ते आले, प्रशिक्षकांनी पाहिले, मुलीने वापरले, गुण नेहमीसारखे पडले. ते दोन डबे अस्सल होते, याबद्दल मला आजही शंका नाही. तेच तर गळाला लावलेले आमिष होते. त्यानंतर त्याने कळवले की वीस डबे एकदम घेतल्यास हा भाव राहील, नाहीतर पुढच्या खेपेला दर वाढणार आहे आणि रक्कम आगाऊ द्यावी लागेल. मी यूपीआयने पूर्ण रक्कम पाठवली. बिल मागितले तेव्हा "मालाबरोबर पाठवतो" असे उत्तर आले. माल आला, बिल आले नाही, आणि माल हातात पडल्याच्या समाधानात मी ते पुन्हा मागितले नाही.

छर्ऱ्यात एवढे काय असते, असे नवीन पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. सामन्याचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून किंचित अधिक वजनाचा शिशाचा तुकडा. कागदावर स्वच्छ गोल भोक पडावे म्हणून त्याचे डोके सपाट असते, कंबर बारीक असते आणि मागचा भाग घागऱ्याच्या घेरासारखा पोकळ व पातळ असतो. हवेच्या दाबाने हा घेर पसरून नळीतील पेचदार खाचांना घट्ट बसतो. घेर एका बाजूने दबलेला असेल, किंवा डोक्याचा व्यास एका छर्ऱ्याचा ४.४७ आणि दुसऱ्याचा ४.५२ असेल, तर रायफल तीच, नेम तोच, तरी छर्रा त्याच जागी जात नाही. दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दशांशात गुण मोजले जातात, म्हणजे एका फैरीला जास्तीत जास्त १०.९ आणि साठ फैरींना ६५४. मध्यापासून छर्रा पाव मिलिमीटर सरकला की एक दशांश जातो. इतक्या बारीक हिशेबात निकृष्ट छर्रा काय करू शकतो, हे आम्ही पुढे मोजून पाहिले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नवीन डबे फोडले. तोपर्यंत मुलीचे सरावातील गुण ६२० ते ६२४ असत. पंधरा दिवसांत ते ६१२-६१३ वर आले आणि तिथेच अडकले. सर्वांत त्रासदायक गोष्ट अशी की फैर सुटताच ती आधी सांगायची, "हा चांगला गेला," आणि पडद्यावर ९.८ दिसायचे. नेमबाजीत स्वतःची फैर ओळखता येणे हे मोठे कौशल्य समजले जाते. तिचे ते कौशल्य शाबूत होते आणि आम्ही तिलाच सांगत राहिलो की तुझा अंदाज चुकतो आहे. प्रशिक्षकांनी आधी रायफलवरची गाल टेकवायची पट्टी वर-खाली केली, मग खांद्याची पट्टी बदलली, उभे राहण्याची पद्धत बदलली. ट्रिगर हलका केला, पुन्हा जड केला. रायफल पुण्याला तपासणीसाठी पाठवली. ४,५०० रुपये गेले, दोष निघाला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले, डोळे उत्तम निघाले. मग उरले मन. दहावीचा ताण, मोबाइल, झोप, मैत्रिणी, अशा एकेका गोष्टीवरून मी तिला बोललो. ती रोज सरावाची वही लिहिते. जुलैच्या पानांवर तिने "फॉलो थ्रू माझाच सुटतो" (फॉलो थ्रू म्हणजे फैर सुटल्यावरही क्षणभर नेम तसाच धरून ठेवणे) हे वाक्य सलग नऊ दिवस लिहिले आहे. ते तिचे चुकत नव्हते.

ऑगस्टमधील स्पर्धेत तिला ६११.८ गुण मिळाले आणि पुढच्या फेरीची पात्रता हुकली.

उलगडा झाला तो योगायोगाने. ऑगस्टच्या अखेरीस एका सराव सामन्याला ती डबा घरी विसरली आणि केंद्रावरील एका मुलाकडून साठ-सत्तर छर्रे मागून घेऊन खेळली. गुण पडले ६२२.३. प्रशिक्षकांनी त्या संध्याकाळी आमचा डबा मागवून घेतला, छर्रे पांढऱ्या कागदावर ओतले आणि भिंग घेऊन बसले. दर दहा-बारा छर्ऱ्यांमागे एकाचा घेर चेपलेला होता. कागदावर शिशाची करडी भुकटी आणि बारीक सोललेले तुकडे पडले. अस्सल डब्यातील छर्ऱ्यांना एकसारखी चमक होती, यांच्यात दोन वेगळ्या छटा सरळ दिसत होत्या.

मग आम्ही नीट तपासणी केली. गुजरीतील एका ओळखीच्या सराफांकडे मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा आहे. त्यांच्याकडे बसून प्रत्येकी पन्नास छर्रे तोलले. उसने घेतलेल्या अस्सल छर्ऱ्यांतील सर्वांत हलका आणि सर्वांत जड यांच्यात पाच मिलिग्रॅमचा फरक निघाला. आमच्या डब्यात तो छत्तीस मिलिग्रॅमचा होता. उद्यमनगरातील एका टूलमेकर मित्राने मायक्रोमीटरवर अगदी हलक्या हाताने डोक्यांचे व्यास मोजले, कारण शिसे मऊ असल्याने जरा दाबले तरी माप बदलते. डब्यावर ४.५० लिहिलेले होते, आत ४.४६ पासून ४.५३ पर्यंत सर्व काही होते. त्यानेच रायफल घट्ट धरणारा शिकंजा बनवून दिला, आणि केंद्रावर तो टेबलाला आवळून आम्ही दहा-दहा फैरींचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर पडणाऱ्या भोकांचे पुंजके, झाडले. अस्सल छर्ऱ्यांचा ग्रुप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत सव्वापाच मिलिमीटरचा आला, आमच्या छर्ऱ्यांचा नऊ मिलिमीटरचा. त्यातून छर्ऱ्याची स्वतःची साडेचार मिलिमीटर जाडी वजा केली तरी उरलेल्या साडेचारचा निम्मा भाग, म्हणजे सव्वादोन मिलिमीटर, मध्यापासून कोणत्याही बाजूला सरकण्याची शक्यता राहते. मुलीने निर्दोष फैर झाडली तरी एखाद्या वेळी नऊ दशांश जाणार, हे त्या कागदाने सांगितले. तो कागद मी तिच्या हातात दिला आणि तिची माफी मागितली.

डबेही आता नीट पाहिले. झाकणाभोवतीची चिकटपट्टी साधी होती आणि नखाने निघत होती. मापाची चिठ्ठी वेगळी चिकटवलेली होती. काही डब्यांवर ४.४९ आणि काहींवर ४.५० असे माप, पण लॉट क्रमांक, म्हणजे एकत्र तयार झालेल्या मालाचा क्रमांक, सर्वांवर एकच. वेगळ्या मापाचा माल एकाच लॉटचा कसा असेल, हा प्रश्न मला मे महिन्यातच पडायला हवा होता. माझा अंदाज असा की रिकामे अस्सल डबे गोळा करून त्यांत सरावाचे स्वस्त छर्रे भरले जातात. म्हणूनच सांगतो की रिकामा डबा तसाच टाकू नका आणि भंगारात देऊ नका. चेपून किंवा चिठ्ठी खरवडून टाका.

विक्रेत्याला फोटो पाठवले तेव्हा त्याने आधी "वाहतुकीत दबले असतील" असे लिहिले, मग "तुमची नळी घाण आहे" असे, आणि वजनांचा तक्ता पाठवल्यावर उत्तर देणे बंद केले. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण तीन महिने उलटून गेल्याने रक्कम थोपवून धरता येण्याची वेळ निघून गेली होती; हा क्रमांक पैसे गेल्यावर काही तासांत फिरवण्याचा आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळाले आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. तिथे पहिला प्रश्न बिलाचा आला. माझ्याकडे व्यवहाराची नोंद आणि संदेश आहेत, बिल नाही.

५० मीटरच्या प्रकारात वापरल्या जाणाऱ्या ०.२२ रायफलच्या काडतुसांबाबत शस्त्र कायदा आहे, परवाना लागतो, विक्रीची नोंद होते. कुणी परवान्याशिवाय ती स्वस्तात देऊ लागला तर तो तुम्हाला केवळ फसवत नाही, गुन्ह्यात ओढत असतो, त्याच्याशी बोलणेही नको. छर्ऱ्यांच्या खरेदीला तसा परवाना नाही, म्हणून विकणारा कोण आहे हे पाहण्याची जबाबदारी आपल्यावरच येते.

खर्च कमी करण्याचा आमचा मार्ग आता वेगळा आहे. आठवड्यातील दोन दिवस ती छर्ऱ्याशिवाय, कोरडा सराव करते; तोल, श्वास आणि ट्रिगर यांसाठी तो पुरतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. पायाभूत सरावासाठी आम्ही सरावाचेच छर्रे घेतो, पण सरावाचे म्हणून विकलेले आणि त्याच किमतीचे. त्यांचा ग्रुप किती मोठा येतो हे तिला ठाऊक असते, त्यामुळे ९.८ पडला तर ती स्वतःला दोष देत नाही. सामन्याचे छर्रे केंद्रातील सहा पालक मिळून अधिकृत वितरकाकडून एका लॉटचे घेतो. आधी प्रत्येक मापाचा एकेक डबा आणून शिकंज्यात झाडून पाहतो, कारण एका नळीला ४.४९ मानवते तर दुसरीला ४.५०. डबा १,४५० रुपयांना पडतो आणि महिन्याला आता तीनच लागतात. प्रत्येक खेपेच्या प्रत्येक डब्यातील वीस छर्रे तोलल्याशिवाय तो वापरात येत नाही, मग आधीची खेप कितीही चांगली निघालेली असो.

फसव्या मालातील सात डबे अजून शिल्लक आहेत. केंद्रात नव्याने आलेल्या एका मुलाच्या वडिलांनी ते नवशिक्यासाठी निम्म्या किमतीत मागितले होते. त्यांना मी शिकंज्यातील दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले आणि डबे दिले नाहीत. ते एका खोक्यात बांधून, वर तक्रारीचा क्रमांक लिहून कपाटात ठेवले आहेत. आयोगाने मागितले की सादर करता येतील.