मुरघासाची एक टनी बॅग: दोन हंगाम वापरून झाल्यावर

आमचं गाव आटपाडी तालुक्यातलं, तीन एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाई, एक खिल्लार आणि दोन कालवडी एवढा गोठा. २०१८ ला पाऊस गेला, सरकारनं १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात आम्हीपण होतो, आणि २०१९ चा उन्हाळा आबांनी आणि मी जनावरांच्या चारा छावणीत ताडपत्रीखाली काढला. मोठ्या जनावराला दिवसाला १५ किलो हिरवा चारा, नंतर तो १८ किलो झाला, पण बहुतेक दिवस ऊसच यायचा. शेतकऱ्यामागं पाचच जनावरं घ्यायची असल्यानं एक कालवड आईनं घरी उरल्यासुरल्या कडब्यावर जगवली. छावणी नसती तर गोठा रिकामा झाला असता हे मान्यच, पण परत तिथं जायची पाळी नको म्हणून मुरघासाकडं, म्हणजे हिरव्या चाऱ्याची कुट्टी हवाबंद आंबवून टिकवण्याकडं वळलो.

पहिला हंगाम २०२३ चा. आख्खा ऑगस्ट कोरडा, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो, तरी टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्यावर अर्धा एकर मका आला. दाणा चिकात आला की कापला, पाऊण इंचाची कुट्टी केली आणि सहा बॅगा भरल्या. कुट्टी मुठीत दाबून बघायची, पाणी ठिबकलं तर ओली जास्त आणि मूठ सोडल्यावर लगेच विस्कटली तर सुकलेली, गोळा हळूहळू सुटला पाहिजे. थर टाकत पायानं इतकं तुडवायचं की घाम फुटला पाहिजे, कारण आत हवा राहिली की बुरशी आलीच. आम्ही तुडवून भरल्या तरी एक टनी म्हणून घेतलेल्या बॅगेत आठशे किलोच्या आसपासच माल बसला, विकत घेताना हा हिशोब धरा.

आता बॅगेबद्दल. बाहेरची विणलेली बॅग दणकट आहे, शिलाई कुठं उसवली नाही, दुसऱ्या हंगामाला तीच वापरली. खरी गोम आतल्या लायनरची, म्हणजे हवा अडवणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीची. पहिल्या दुकानदारानं जाड म्हणून जे दिलं ते बोटानं ताणलं तरी फाटत होतं, दोन बॅगांत हवा शिरली आणि वरचा हातभर थर काळा पडला, तो सगळा उकिरड्यावर टाकला. बुरशीचा मुरघास गाभण गाईला चुकूनही घालू नका, गाभडते. दुसऱ्या वर्षी दुसरीकडनं जाड लायनर घेतलं, एकही बॅग खराब नाही. म्हणून बॅग जुनी चालेल, लायनर दरवर्षी नवंच घ्या आणि घेताना स्वतः ताणून बघा. दुसरा शत्रू उंदीर. आम्ही फळ्यांवर ठेवून खाली-बाजूला जाळी मारली तेव्हा कुठं वाचल्या, वर सावलीपण पाहिजे, उन्हानं विणलेला धागा ठिसूळ होतो.

४५ दिवसांनी उघडायला हरकत नाही पण आम्ही फेब्रुवारीपर्यंत हात लावला नाही. उघडल्यावर पिवळसर रंग आणि आंबटगोड वास, आई म्हणाली ताकासारखा येतोय. गाईंना एकदम नाही घातला, पाच किलोपासून वाढवत पंधरावर नेला, सोबत थोडा कडबा. तिन्ही एचएफना दिवसाला ४५ किलो, म्हणजे शंभर दिवसाला साडेचार टन, सहा बॅगांत बसलं. मे महिन्यात शेजारी वैरणीसाठी वणवण करत होते आणि आमचं दूध फार तुटलं नाही. खिल्लारनं मात्र आठवडाभर तोंड फिरवलं, मग खायला लागली.

एक मनापासून सांगायचंय. शेजारच्या धनगर वस्तीवर एक बॅग दिली, मेंढ्यांनी खाल्लं, पण बॅग उघडल्यावर रोज वरचा थर काढून घट्ट झाकत लवकर संपवावी लागते, आणि रोज जागा बदलणाऱ्यांनी टनाची बॅग कशी न्यायची. त्यांना ५० किलोची पिशवी पाहिजे, घोड्यावर लादता येईल अशी. आमच्या बाजारात त्या मापाला जाड लायनर मिळत नाही, कुणाकडं मिळत असेल तर खाली लिहा, यंदा कुट्टी मी भरून देतो.

पाचपैकी चार स्टार, एक लायनरमुळं कापला.